पेन ड्राइव्ह आणि मिसळणाचा डबा

आजी फोडणीच्या मोहरीसाठी दर वेळी माळ्यावर चढते का? नाही! मिसळणाचा डबा हाताशी असतो.

कॉम्प्युटरची रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान असला की सारखं माळ्यावर जावं लागतं, म्हणून कॉम्प्युटर रडतखडत चालतो. २००७ साली विंडोज व्हिस्टामध्ये ‘रेडीबूस्ट’ आलं. नेहमी लागणाऱ्या माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची. झाला मिसळणाचा डबा! मूळ माहिती डिस्कवरच राहते, त्यामुळे पेन ड्राइव्ह मध्येच काढला तरी काही हरवत नाही.

माझ्या ५१२ एमबी रॅमच्या लॅपटॉपला तेव्हा फरक पडला होता. पण खरं सांगू? आज जुना लॅपटॉप फेकण्याआधी त्यात एसएसडी बसवून बघा. मग रेडीबूस्ट लागतच नाही.

तुमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यात काय काय आहे? नावं लिहा.