कोल्हापूरहून अमेरिकेत येणाऱ्यांसाठी : ‘रेन चेक’

शनिवारी तांबडा-पांढरा करायचा बेत ठरवून तुम्ही शेजाऱ्याला जेवायला बोलावता, आणि तो हसून म्हणतो, “कॅन आय टेक अ रेन चेक?” बाहेर लख्ख ऊन असतं, त्यामुळे नवा माणूस गोंधळतो. अर्थ एवढाच : या वेळी जमत नाही, बोलावणं राखून ठेवा.

हा बेसबॉलच्या मैदानावरचा शब्द, 1880 च्या दशकातला. पावसानं सामना वाया गेला तर तिकिटाचा उरलेला तुकडा दाखवून पुढचा सामना पुन्हा पैसे न भरता बघता यायचा. पुढं दुकानांनीही हा शब्द उचलला. सवलतीतला माल संपला की काही दुकानं रेन चेकची चिठ्ठी देतात. माल आल्यावर तो त्याच भावात मिळतो. अशी चिठ्ठी जरूर मागा, पण तिच्यावरची मुदत वाचून घ्या.

बोलण्यातल्या रेन चेकला मात्र मुदत नसते, आणि घोळ तिथंच होतो. आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला “असं कसं, यायलाच लागतंय!” म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. इथं असा आग्रह केला की माणूस अवघडतो. कारण विचारू नका. “शुअर, एनी टाइम” म्हणा आणि काही आठवड्यांनी नवा दिवस सांगून एकदा परत बोलवा. ज्याला खरोखर यायचं असतं तो बहुधा स्वतःच तारीख सुचवतो. दुसऱ्यांदाही मोघम उत्तर आलं तर विषय सोडा, मनाला लावून घेऊ नका.

तुम्हाला जमणार नसेल तेव्हा मात्र नुसतं ‘रेन चेक’ म्हणून थांबू नका, लगेच “हाऊ अबाउट नेक्स्ट फ्रायडे?” असं विचारा. हे आम्ही कळकळीनं सांगतो. आपली माणसं संकोचानं गप्प राहतात, समोरच्याला वाटतं यांना मिसळायचंच नाही, आणि ओळखीपाळखी नसलेला पहिला हिवाळा फार एकटा जातो.

डॉक्टरांची वेळ, शाळेतल्या शिक्षकांची भेट किंवा नोकरीची मुलाखत पुढं ढकलायची असेल तर हा शब्द नको, तिथं ‘रीशेड्यूल’ म्हणा. आणि मराठी घरातून बोलावणं आलं तर सरळ सांगा, “वहिनी, या रविवारी नाही जमत, पुढच्या रविवारी नक्की येतोय.”