कालवड माजावर येत नाही? खनिज मिश्रणाची पिशवी घेण्याआधी हिशेब करा

संकरित कालवड दीड वर्षाची झाली, माजाचं चिन्ह नाही, की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो. आधी तिचं वजन काढा. छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, हे झाले किलो. घेर 60 आणि लांबी 50 असेल तर साधारण 273. संकरित कालवड 250 किलोच्या पुढे गेल्यावरच भरवावी. वजन कमी असेल तर पैसे चाऱ्यावर आणि खुराकावर घाला, जंतनाशक द्या. कालवड जुळ्यातली असून तिचा जोडीदार गोऱ्हा होता का, हेही आठवा. अशा बहुतेक कालवडी वांझ निघतात. त्यांना कोणतीही पावडर लागू पडत नाही.

वजन भरतंय, तरी माज नाही? पशुवैद्यकांकडून गर्भाशय तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर लागतो. फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल-फ्री नंबर आहे. खाजगी डॉक्टर बोलावलात तर भेटीचे, रेतमात्रेचे आणि इंजेक्शनचे पैसे वेगवेगळे विचारा, तेही आधीच. न तपासता माजाचं इंजेक्शन टोचू देऊ नका. कालवड गाभण असेल तर काही इंजेक्शनांनी गर्भ पडतो. बीजांडकोश सुप्त असतील तर तीच इंजेक्शनं वाया जातात.

आता खनिज मिश्रण. कालवडीला रोज सुमारे 50 ग्रॅम, खुराकात कालवून. महिन्याला दीड किलो, म्हणजे 5 किलोची पिशवी तीन महिने पुरते. किलोला 150 रुपये धरले तर दिवसाला साडेसात. समजा तिच्या चाऱ्या-खुराकावर रोज 150 रुपये जातात. मग 21 दिवसांचा एकच माज हुकला तरी 3,150 रुपये गेले. या हिशेबात मिश्रण स्वस्तच आहे, पण ते सलग दोन-तीन महिने द्यावं लागतं. आठवड्यात फरक दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पिशवीवर आयएस 1664 आणि घटकांचं प्रमाण छापलेलं बघा: फॉस्फरस, तांबं, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन. मीठ मिसळलेलं मिश्रण घेतलंत तर साध्या मिठालाही खनिजाचा भाव मोजता. मीठ वेगळं आणा. चाटण विटेत बहुतेक मीठच असतं. तुमच्या तयार पशुखाद्यात खनिजं आधीच असतील तर पशुवैद्यकांना विचारून मात्रा कमी करा. सेलेनियम आणि तांबं जास्त झालं तर विषबाधा होते. म्हणून दोन कंपन्यांच्या पावडरी एकत्र देऊ नका.

बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीवर खर्च नको. रवंथ करणाऱ्या निरोगी कालवडीच्या पोटातले जिवाणू ती जीवनसत्त्वं स्वतःच तयार करतात. अ जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातून मिळतं. नुसत्या कडब्यावर उन्हाळा काढलेल्या कालवडीला मात्र अ आणि ई जीवनसत्त्व पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्या.

मिश्रण सुरू केल्याच्या पहिल्या दिवसापासून वहीत माजाच्या तारखा लिहा आणि पहाटे, रात्री गोठ्यात चक्कर मारा. मुका माज ओळखता आला नाही तर पिशवीचे पैसे वाया गेले समजा.