उजळणीचा एक दिवस

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या बाजूस जाणाऱ्या रस्त्यास कोपर्निकस या थोर खगोलशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, आणि फरीदकोट हाउस या एके काळच्या संस्थानी वास्तूत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या मुख्य पीठाचे कामकाज चालते. हे न्यायाधिकरण २०१० च्या अधिनियमाने स्थापन झाले. धोकादायक पदार्थांमुळे अपघात होऊन माणसे, गुरे, शेती वा पाण्याचे साठे यांची हानी झाल्यास भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार त्यास आहे. कसूर कोणाची हे सिद्ध होईपर्यंत पीडितांस ताटकळत ठेवावयाचे नाही, हे तत्त्व त्या अधिनियमाने स्वीकारलेले आहे. हानी कारखान्यात झाली की रस्त्यावर, असाही भेद नाही. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमात ‘हाताळणी’ या शब्दाच्या व्याख्येत वाहनातून होणारी वाहतूकही समाविष्ट आहे.

परंतु न्यायाधिकरणापुढे जे येते ते घडून गेलेले असते. रस्त्यावर टँकर कलंडतो त्या घटकेस तेथे न्यायाधीश नसतो, अग्निशामक दल नसते, रसायनशास्त्रज्ञही नसतो. असतो तो चालक. तो शुद्धीवर असला, तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे आणि काय करू नये हे जाणणारा तेथे तोच एक असू शकतो. त्यास हे कोण शिकवितो, आणि एकदा शिकविलेले पुन्हा का शिकवावे लागते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

तीन दिवसांचा अभ्यासक्रम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नवव्या नियमाने धोकादायक माल वाहणाऱ्या चालकावर साध्या मालमोटारीच्या चालकाहून अधिक अटी घातल्या. मालमोटारीचा परवाना त्याच्याजवळ हवाच. शिवाय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा आणि इंग्रजी त्यास लिहिता-वाचता यावी, आणि राज्य सरकारने मान्य केलेल्या संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण त्याने पुरे केलेले असावे.

पहिले दोन दिवस वाहन चालविण्याच्या कौशल्यासाठी आहेत. अपघातांची कारणे, चालकाची शारीरिक क्षमता, वाहन थांबण्यास लागणारे अंतर, रात्रीचा प्रवास, रेल्वे फाटक, उतारावरील नियंत्रण हे विषय त्यांत येतात. तिसरा दिवस मालाचा. कोणता पदार्थ पेट घेतो, कोणता विषारी आहे, टाकीतील तापमान व दाब यांचे महत्त्व काय, झडपा कशा बंद करावयाच्या, सांडलेला द्रव कसा अडवावयाचा, प्रथमोपचार कोणता, हे त्या दिवशी शिकवावयाचे असते. विहिरी, नद्या व तलाव यांचे रक्षण हाही याच दिवसाचा एक धडा आहे. जी हानी पुढे न्यायाधिकरणासमोर मोजली जाते, ती टाळण्याचा पाठ असा चालकाच्या अभ्यासक्रमातच घातलेला आहे.

टँकरच्या दोन्ही बाजूंस व मागे जो फलक दिसतो, तो वाचण्याची विद्याही याच दिवशी मिळते. पेट्रोलच्या टँकरवर १२०३ हा आकडा असतो. तो संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील पेट्रोलचा क्रमांक होय. त्यासोबतच्या संकेतातील ३ या अंकाचा अर्थ, आग विझविण्यास फेस वापरावा. अखेरच्या ‘ई’ या अक्षराचा अर्थ, परिसरातील लोकांस हलविण्याचा विचार करावा. मालाची सविस्तर माहिती देणारे आपत्कालीन पत्रक चालकाच्या कक्षात सदैव असावे लागते. दुर्घटना घडल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास तत्काळ वर्दी देणे हे चालकाचे कर्तव्य आहे.

टाकी आणि घाट

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही, हे बोरघाटाचा उतार पाहिला म्हणजे पटते. पोत्यांनी भरलेल्या मालमोटारीतील ओझे जागचे हलत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव मात्र हलतो. ब्रेक लावताच तो पुढे झेपावून वाहनास ढकलतो. वळणावर तो बाहेरच्या अंगास चढतो आणि वाहनाचा तोल त्या बाजूस जातो. वेग दुप्पट झाला तर वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने सहज घेता येणारे वळण ८० च्या वेगाने घातक ठरू शकते. डिझेल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा आवर नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. वारंवार दाबलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते.

१३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्यानजीक एक टँकर पुलावर उलटून पेटला. पेटलेला द्रव पुलाखालच्या रस्त्यावरही पडला. चार माणसे मृत्यू पावली.

टँकर उलटल्यावर न पेटला, तरी धोका टळत नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती गटारांतून व सखल जागांतून दूरवर पसरते. पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरमधून पेट्रोल वाहू लागले. ते भरून घेण्यास आसपासचे लोक भांडी घेऊन धावले आणि आगीचा भडका उडून दोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी गर्दी दूर ठेवावी, विडी-काडी पेटवू देऊ नये, वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूस व उंचावर लोकांस न्यावे, हे कोणी तरी ठामपणे सांगावे लागते.

पुन्हा शिकण्याचे कारण

गिअर बदलणे चालक रोज करतो. म्हणून ते त्याच्या अंगवळणी पडते. गळणारी झडप बंद करण्याची वेळ मात्र कित्येकांवर उभ्या आयुष्यात येत नाही, आणि जे हात रोज करीत नाहीत ते मन विसरते. अपघात न होता गेलेली वर्षे ही चालकाच्या कुशलतेची साक्ष खरी. पण त्याच वर्षांत त्याचा तिसऱ्या दिवसाचा पाठ विरत जातो. अनुभवी चालकासही उजळणी लागते ती यामुळे. तीत त्याच्या अनुभवाचा अवमान नाही.

मोटार वाहन अधिनियमात हा विचार उमटलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी धोकादायक मालाचा परवाना एका वर्षापुरता असे आणि एक दिवसाच्या उजळणीवाचून त्याचे नूतनीकरण होत नसे. त्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची केली आणि नूतनीकरणाच्या अटी ठरविणे केंद्र सरकारवर सोपविले. त्याच दुरुस्तीने आणखी एक उजळणी कायद्यात आणली : नियमभंगामुळे परवाना काढून घेतलेल्या चालकास उजळणीचा अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून तो परत मिळत नाही. पहिली उजळणी दक्षतेची आहे, दुसरी दोष घडल्यानंतरची. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

युरोपीय संघाने याहून व्यापक मार्ग धरला. २००३ च्या निर्देशाने घालून दिलेल्या पद्धतीनुसार तेथील व्यावसायिक चालकास, मग माल धोकादायक असो वा धान्याचा, दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मालमोटारींच्या चालकांस ही पद्धती सप्टेंबर २००९ पासून लागू झाली. धोकादायक मालाच्या चालकांचे प्रमाणपत्र तेथे वेगळे असून तेही दर पाच वर्षांनी नवे करावे लागते.

मुदत एक वर्षाची असावी की पाच, याविषयी मतभेद संभवतात. मात्र उजळणी केवळ प्रमाणपत्रावरील शिक्क्यापुरती उरली, तर कोणतीही मुदत निरुपयोगी होय. त्या दिवशी चालकाच्या हाती अग्निशामक नळकांडे यावयास हवे, झडप त्याने स्वतः फिरवून पाहावयास हवी, आणि आपत्कालीन पत्रक त्याने स्वतः मोठ्याने वाचून दाखवावयास हवे. त्या दिवसाची मजुरी बुडते म्हणून चालक संस्थेकडे पाठ फिरवीत असेल, तर ती मजुरी मालकाने द्यावी. एका दिवसाचे ते वेतन उलटलेल्या एका टँकरच्या भरपाईशी ताडून पाहिले, तर कोणता खर्च मोठा, हे सांगावयास न्यायाधिकरणाची गरज पडणार नाही.