ठरवले ते पाळू या

"उद्यापासून रोज व्यायाम करीन" असे आपण पुष्कळदा म्हणतो. पण तो उद्या काही उगवत नाही. माझेही तसेच झाले होते.

मागच्या वर्षी केंद्राच्या सामन्यांत आमची खो-खो होती. पाठलाग करताना मला धाप लागली, पोटात कळ आली आणि मी खालीच बसले. आमचा संघ दोन गुणांनी हरला. मला कोणी काही बोलले नाही. पण घरी येताना ट्रॅक्टरमध्ये सगळ्या गप्प होत्या.

त्या रात्री मी वहीत लिहिले, "मी खूप बळकट होणार. रोज मैदानाच्या १० फेऱ्या." पहिल्या दिवशी सहा झाल्या. दुसऱ्या दिवशी पाय भरून आले. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणातच. आजी म्हणाली, "कायले एवढी धावलीस बाप्पा? एका दिवसात सारं धान कांडून होते का?"

मी वही गुरुजींना दाखवली. ते म्हणाले, "बळकट कसे मोजशील? जे मोजता येते आणि रोज जमते, ते ध्येय लिही." मग आम्ही हे नियम केले.

१. ध्येय लहान ठेवावे. मी २ फेऱ्यांपासून सुरुवात केली. दोन आठवड्यांनी एक फेरी वाढवायची.

२. वेळ ठरवावी. आपल्याकडे जंगल जवळ आहे. वाघ, अस्वल असतात. म्हणून अंधारात धावायचे नाही. उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. म्हणून दुपारीही नाही. चांगले उजाडल्यावर, शाळा भरण्याआधी धावायचे. धावून झाल्यावर पाणी प्यायचे. पावसाळ्यात व्हरांड्यात दोरीउड्या मारायच्या.

३. सोबती घ्यावा. माझी मैत्रीण दारात येऊन हाक मारते. मग झोपून राहायची लाज वाटते.

४. नोंद ठेवावी. मी कॅलेंडरवर रोज बरोबरची खूण करते.

५. एक दिवस चुकला तर दुसरा चुकवू नये. पण मोहफुलांच्या दिवसांत माझे पाच दिवस चुकले. पहाटे आई आणि आजीसोबत मोह वेचायला जावे लागले. कॅलेंडरवर पाच घरे कोरी राहिली. मला रडू आले आणि वही फाडावीशी वाटली. गुरुजी म्हणाले, "मोह वेचताना किती वेळा वाकलीस ते मोजलेस का?" दुसऱ्या दिवशी मोजायला बसले. ३०० नंतर आकडाच विसरले! तोही व्यायामच होता. त्यानंतर मी पुन्हा धावायला लागले. तेव्हा मी ६ फेऱ्यांवर होते, पण परत ४ पासून सुरुवात केली. खाली उतरून पुन्हा चढण्यात कमीपणा नाही.

रोज धावल्याने काय होते? हृदय हा स्नायू आहे. व्यायामाने तो बळकट होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतो. मग तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात. मी हे पाहिले आहे. तीन फेऱ्या झाल्यावर मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचे. आधी माझे ३८ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १५२. आता तेवढ्याच फेऱ्यांना ३२ भरतात, म्हणजे १२८. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीचे खेळ किंवा व्यायाम करावा. त्यात खेळणे, चालणे, सायकल सगळे आले.

आपल्याच जिल्ह्यातील मोठे उदाहरण ऐका. 'मिशन शौर्य' या मोहिमेत मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावे. शिखराची उंची ८८४८.८६ मीटर आहे. ते एकदम तिथे गेले नाहीत. आधी दार्जिलिंग, लेह-लडाख अशा ठिकाणी त्यांनी अनेक महिने सराव केला. एव्हरेस्टलाही एकेक पाऊलच टाकावे लागते. मग आपल्या मैदानाची एक फेरी काय जड आहे?

आता मी ८ फेऱ्या धावते. या वर्षीचे सामने अजून व्हायचे आहेत. आम्ही जिंकू की नाही, मला माहीत नाही. पण मी मधेच खाली बसणार नाही.

स्वाध्याय : या भित्तिपत्रकाखाली एक कोरा कागद लावला आहे. त्यावर आपले नाव आणि एकच लहान ध्येय लिहा. मोजता येईल असेच लिहा. पुढच्या महिन्यात आपण सगळे मिळून तो कागद वाचू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी