सामायिक संगणक आणि हार्ड डिस्कचे संरक्षण



एकाच संगणकावर दिवसभरात दहा-वीस जण बसतात, हे अभ्यासिकेत, शाळेत व सेवा केंद्रात नेहमीच दिसते. १९९८ साली वारणा खोऱ्यातील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा गावकऱ्यांनी मिळून वापरावयाचा संगणक ग्रामीण महाराष्ट्रात आला. आज वरकुट्यासारख्या गावातील विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तेव्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व बँकेचे पासबुक यांच्या प्रती तो अशाच संगणकावर उघडतो. तो उठून गेला तरी प्रती मागे राहतात. कोणाच्या पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस तर ऐन शेवटच्या तारखेला संगणक बंद पाडू शकतो. म्हणून हार्ड डिस्क ‘राइट-प्रोटेक्ट’ कशी करतात, हे आपण समजून घेऊ.

१) तत्त्व

फ्लॉपीच्या काळात हे काम सोपे होते. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर काही लिहिले जात नसे. १९८६ साली लाहोरमधून पसरलेला ‘ब्रेन’ व्हायरसही अशा फ्लॉपीपुढे हतबल होता. हार्ड डिस्कला मात्र अशी सरसकट बंदी घालता येत नाही. कारण विंडोज चालू असताना स्वतःच डिस्कवर सतत काहीतरी लिहीत असते.

यावरची युक्ती भूगोलाच्या तासाला आपण सर्वांनी केलेली आहे. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर कितीही रेघोट्या ओढा, कागद उचलला की खालचा नकाशा कोराच. त्याचप्रमाणे संगणकातील नवे लेखन मूळ जागी न जाता मेमरीतील तात्पुरत्या थरावर होते. संगणक पुन्हा सुरू केला की तो थर नाहीसा होतो.

२) साधने

मायक्रोसॉफ्टचे ‘स्टेडीस्टेट’ हे मोफत साधन एक्सपी व व्हिस्टासाठी होते. ते २०१० अखेर उपलब्ध होणे थांबले. आता विंडोज १० व ११ च्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत ‘युनिफाइड राइट फिल्टर’ ही सोय आहे. होम व प्रो आवृत्त्यांत ती नाही. तेथे ‘डीप फ्रीझ’सारखे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. लिनक्समध्ये हीच व्यवस्था विनाशुल्क करता येते.

३) मर्यादा

अ) संरक्षण चालू असताना सी ड्राइव्हवर केलेला निबंध वा प्रकल्पही पुसला जातो. त्यासाठी डी ड्राइव्ह मोकळा ठेवावा किंवा काम पेन ड्राइव्हवर घ्यावे. मात्र डी ड्राइव्हवर ठेवलेले दाखले पुसले जात नाहीत, हे ध्यानात असावे.

आ) विंडोज व अँटीव्हायरसचे अपडेटही टिकत नाहीत. ठरलेल्या दिवशी जबाबदार व्यक्तीने संरक्षण काढून ते घ्यावेत व पुन्हा कुलूप लावावे.

इ) संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत व्हायरस काम करू शकतो आणि टाइप केलेला पासवर्डही चोरू शकतो. तो पासवर्ड एकदा बाहेर गेला की पुढे डिस्क पुसून उपयोग नाही.

ई) तात्पुरता थर भरला की संगणक अडखळतो. दिवसभर एकदाही रिस्टार्ट न करणे म्हणूनच योग्य नव्हे.

४) आपण काय करावे?

यंत्राने कुलूप दिले तरी शिस्त माणसालाच पाळावी लागते. प्रत्येक सामायिक संगणकाशेजारी पुढील तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून लावाव्यात, असे आम्ही सुचवितो :

काम स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्या.
पोर्टलमधून लॉग आउट व्हा.
उठण्यापूर्वी संगणक रिस्टार्ट करा.

रिस्टार्टला दोन-तीन मिनिटे लागतात, पण तेवढ्यात आपल्या मागून बसणाऱ्याला स्वच्छ संगणक मिळतो व आपले दाखले परक्याच्या हाती पडत नाहीत.