टॅबमधली वही आणि हरवलेली विहीर

आधी एक कोडे घालते.

पाने नाहीत, पण वही आहे. शाई नाही, पण लिहिता येते. पाण्यात भिजली तर बिघडते आणि चार्जिंग संपले की मुकी होते. सांगा पाहू, ती कोण?

बरोबर! टॅबमधली टिपणवही. आपल्या शाळेत चार टॅब आहेत, ते बाईंच्या कपाटात असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना वाटते की पोरं त्यावर नुसते व्हिडिओ बघतात. म्हणून या वेळी मी हा विषय घेतला. शिवाय माझी एक चूकही सांगायची आहे. ती माझ्या एकटीची नाही, साऱ्या वर्गाची आहे, पण टॅब त्या दिवशी माझ्या हातात होता.

टिपणे ठेवण्याची अ‍ॅप पुष्कळ आहेत. आम्ही वापरतो त्याचे नाव गूगल कीप. ते २०१३ साली निघाले. उघडले की रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्यासारख्या दिसतात. अधिकच्या चिन्हावर बोट ठेवले की नवी कोरी चिठ्ठी येते. तिच्यात वर मथळ्याची जागा असते आणि खाली मजकुराची. लिहून झाले की मागे यायचे, बस्स. जतन करायचे वेगळे बटण नाही, ते आपोआप होते. नेट नसले तरी लिहिता येते. चिठ्ठी टॅबमध्येच राहते आणि रेंज आली की खात्यावर चढते. आपल्याकडे रेंज पिंपळाच्या पारापाशीच येते, म्हणून बाई शनिवारी टॅब घेऊन तिकडे चक्कर मारतात. लोकांना वाटते बाई फिरायला निघाल्या!

खाते शाळेचे आहे, ते बाईंनी उघडले. तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःच्या मनाने खाते उघडता येत नाही, मोठ्या माणसाने उघडून द्यावे लागते. एकच खाते असल्यामुळे सगळ्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांना दिसतात, आणि कुणाचीही चिठ्ठी कुणीही पुसू शकतो. दोनदा भांडण झालेले आहे, ते इथे लिहीत नाही.

मराठी लिहायचे तर कीबोर्ड मराठी करून घ्यावा लागतो. ज्याला अक्षरे शोधायचा कंटाळा येतो तो माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोलतो, की मराठी शब्द उमटतात. गूगलच्या कीबोर्डावर ही सोय मराठीसाठी २०१७ साली आली. माझी आजी लिहायला शिकलेली नाही, तिने माइकवर लोणच्याची कृती सांगितली आणि ती अक्षरात उमटली. आजी कितीतरी वेळ त्या चिठ्ठीकडे बघत बसली होती. मी तिला दोनदा वाचून दाखवली.

आता विहिरीची गोष्ट.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही पाचवीत होतो. परिसर अभ्यासात पाण्याचा धडा चालू होता. तेव्हा गुरुजी म्हणाले, "पुस्तकातली विहीर वाचून काय करता? आपल्या गावची मोजा." तेव्हापासून दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर गुरुजींबरोबर आम्ही सार्वजनिक विहिरीवर जायचो. सुतळीला दगड बांधून ती आत सोडायची. दगड पाण्याला टेकला की कठड्यापाशी सुतळीला गाठ मारायची, वर ओढून मीटरपट्टीने मोजायची. म्हणजे कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते कळते. आकडा वाढला तर पाणी घटले, हे नीट ध्यानात घ्या. पुष्कळ जण इथे उलटे समजतात. आमची विहीर कठड्यापासून तळापर्यंत ११ मीटर आहे.

दर वेळी ज्याची पाळी असेल तो टॅबमध्ये नोंद करायचा. सुट्ट्या आणि पावसाचे दिवस सोडून सव्वा वर्षात ४१ नोंदी झाल्या. आम्हाला फार अभिमान वाटायचा.

मग आली १ मे २०२५ ची ग्रामसभा. झेंडावंदन झाले, निकाल वाटून झाले आणि सभा बसली. विषय टँकरचा होता. विहीर आटत आली होती, बाया पहाटे चारला घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या. माझी आईसुद्धा. टँकरची मागणी लिहिताना सरपंच काकांनी विचारले, "यंदा पाणी कमी आहे हे आपण म्हणतो. पण गेल्या साली याच दिवसांत किती होतं? कुणाकडे लेखी आहे का?"

गुरुजी लगेच म्हणाले, "आमच्या मुलांकडे आहे." आणि मला टॅब घेऊन पुढे बोलावले.

मी भिंगाच्या चित्रावर बोट ठेवले आणि लिहिले, विहीर. सहा चिठ्ठ्या आल्या. ४१ पैकी सहा! त्यांत एप्रिल २०२४ ची एकही नव्हती. मी पुन्हा लिहिले. पुन्हा त्याच सहा. माझे हात घामेजले.

"सापडलं का गं पोरी?"

"शोधतेय, काका."

मागून एक जण म्हणाले, "त्यापेक्षा आमची खतावणी बरी!" सगळे हसले. गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता. थोडा वेळ थांबून सभा पुढच्या विषयाकडे गेली आणि ठरावात आकडा आलाच नाही.

नोंदी गेल्या कुठे? कुठेच गेल्या नव्हत्या. त्याच टॅबमध्ये होत्या. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी एकेक चिठ्ठी वर सरकवत सगळ्या पाहिल्या, तीनशेच्या वर निघाल्या. कविता, पाढे, पोषण आहाराची यादी, आजीचे लोणचे, आणि त्यांच्यामध्ये आमच्या नोंदी. एका चिठ्ठीत लिहिले होते, "आज विहिरीवर गेलो." दुसरीत "विहिरीचं पाणी खाली गेलं." एकीत चक्क "वीहीर". आणि एकीत नुसते "माप".

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर समजावून सांगितले, ते मला फार आवडले, म्हणून सविस्तर देते.

टॅबला अर्थ दिसत नाही, खुणा दिसतात. यंत्रात प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला आणि वेलांटीला एक ठरलेला क्रमांक असतो. या पद्धतीला युनिकोड म्हणतात, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात व म्हणजे २३५७, ह म्हणजे २३६१, र म्हणजे २३५२. ऱ्हस्व वेलांटी २३६७ आणि दीर्घ वेलांटी २३६८. म्हणजे "विहीर" हा शब्द टॅबला असा दिसतो:

२३५७, २३६७, २३६१, २३६८, २३५२

आणि "विहिरीत" याची सुरुवात अशी:

२३५७, २३६७, २३६१, २३६७, २३५२

चौथा आकडा पाहा. ६८ च्या जागी ६७. तिथेच गाडी अडली! आपण म्हणू, एवढ्याशा वेलांटीने काय होते? पण टॅबच्या लेखी तो वेगळाच शब्द झाला. आमच्या टॅबने शोधताना शब्दाची सुरुवात जुळवून पाहिली, ती जुळली नाही, म्हणून त्याने चिठ्ठी दाखवली नाही. त्याचा काही दोष नाही.

आता गंमत अशी की "विहिरीत" लिहिणाऱ्याचेही चुकलेले नव्हते. मराठीचा नियमच तसा आहे. विहीर, पण विहिरीत. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलाचा. शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते आणि शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल तर ते पुष्कळदा ऱ्हस्व होते. हा नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. दोन मार्कांना येतो म्हणून. तो टँकरच्या आड येईल असे कुणाला वाटले होते?

"वीहीर" मात्र चूकच होती. ती कशी झाली तेही कळले. आमच्यातले काही जण इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवतात. तसे करताना वरच्या पट्टीवर दोन-तीन शब्द येतात, त्यातला कुठला तरी घाईने दाबला जातो.

आकड्यांचेही तसेच. मराठी ५ चा क्रमांक २४११ आहे आणि इंग्रजी पाचाचा ५३. कुणी मराठी आकडे लिहिले होते, तर माइकवर बोलून केलेल्या नोंदींत इंग्रजी आकडे उमटले होते. तारीख शोधताना त्याने घोळ केला. आणि पुष्कळ नोंदींत तारीखच नव्हती. "आज" आणि "काल" लिहिलेले. सव्वा वर्षाने कुठले आज आणि कुठले काल?

पण सगळ्यांत वाईट गोष्ट पुढेच आहे. हवी होती ती नोंद, २६ एप्रिल २०२४ ची, ती "माप" मथळ्याची निघाली. तिच्यात लिहिले होते, "आठला थोडं कमी. सुतळी भिजली होती." बस्स. आठ काय? मीटर, हात, की परस? आमच्यातल्या एकाचे आबा विहिरी खोदायचे, त्यांच्या घरी खोली परसात सांगतात, आणि त्याने मधल्या दोन नोंदी परसातच केलेल्या आहेत. एक परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी उंची. पण माणूस उंच की बुटका, यावर ते आले. आबांना विचारले तर म्हणाले, "माझ्या उंचीचा."

खरा आकडा सापडला तो आमच्या एका मैत्रिणीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर. तिने पेन्सिलीने लिहिले होते: "विहीर, २६ एप्रिल २४, ७.८ मी." एवढेच. त्या दिवशी सुतळी तिने मोजली होती, टॅबमध्ये लिहिणारा दुसराच होता. ती वही रद्दीत जायची राहिली होती, ते आमचे नशीब.

२५ एप्रिल २०२५ ला माप ९.४ मीटर आले होते. आता हिशेब करा. विहीर ११ मीटर. २०२४ मध्ये पाणी ११ उणे ७.८, म्हणजे ३.२ मीटर होते. २०२५ मध्ये ११ उणे ९.४, म्हणजे १.६ मीटर. बरोबर निम्मे! एवढे एक वाक्य सभेत सांगता आले असते. पाण्याचे माप एका दिवसाचे घेऊन फारसे कळत नाही, मागच्याशी ताडून पाहावे लागते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा ठरवलेल्या विहिरींची पातळी मोजून ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते, असे गुरुजींनी सांगितले.

गुरुजींनी आकडे कागदावर लिहून, खाली सही करून सरपंच काकांना नेऊन दिले. टँकर मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. आकडे सभेतच मिळाले असते तर तो लवकर आला असता का, हे मला सांगता येत नाही. काका म्हणाले, "तसं काही नसतं गं, तिकडे पाहणी करायला यावं लागतं." पण ते मला बरे वाटावे म्हणूनही म्हणाले असतील. आई त्या दिवसांत रोज चारलाच उठत होती.

जूनपासून आम्ही नोंदीची रीत बदलली आहे. मथळ्यात विषयाचा शब्द मूळ रूपात, प्रत्यय न लावता. त्यापुढे पूर्ण तारीख, सालासकट. आकडे सगळ्यांनी मराठीच लिहायचे आणि मीटर लिहिल्याशिवाय चिठ्ठी बंद करायची नाही. अशी:

विहीर, १३ जून २०२५. कठड्यापासून पाणी ९.१ मीटर. मोजले सायंकाळी ५ वाजता. पाऊस नाही.

खाली मजकुरात विहिरीत, विहिरीवर काय हवे ते लिहा, मथळा सापडला की चिठ्ठी सापडते. चिठ्ठीला विहीर नावाचे लेबलही लावतो, म्हणजे त्या लेबलावर बोट ठेवले की सगळ्या एकत्र येतात. जुन्या ४१ चिठ्ठ्यांचे मथळे आम्ही दोन दुपारी बसून सुधारले. सात नोंदींचे माप किंवा तारीख मात्र लागलीच नाही, त्यांच्यापुढे "अपुरी" असे लिहिले आहे. गुरुजींनी अंदाजाने भरू दिले नाही.

जुन्या चिठ्ठ्या शोधताना "विह" एवढीच सुरुवात लिहून पाहा. दोन्ही रूपे निघतात. हा शोध माझा आहे!

आणखी एक. चिठ्ठी बोटाने बाजूला सरकली की ती दिसेनाशी होते, आणि लहान मुले रडायला लागतात. ती पुसली गेलेली नसते, आर्काइव्ह नावाच्या कप्प्यात गेलेली असते, तिथून परत आणता येते. टोपलीच्या चित्रावर बोट ठेवून पुसलेली मात्र फक्त सात दिवस राहते. आठव्या दिवशी बाईंकडे जाऊन उपयोग नाही.

आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्या महिन्याचे आकडे आम्ही कागदाच्या वहीत उतरवतो. ती वही कपाटात टॅबच्या शेजारीच आहे. ज्या मैत्रिणीच्या वहीने वाचवले तिलाच ते काम दिले आहे. पालकांपैकी कुणाला बघायची असेल तर बाईंना सांगावे. आपल्या शेतातल्या विहिरीचे माप कुणी देणार असेल तर तेही आम्ही लिहून घेऊ, मात्र मीटरमध्ये.

आता तुमच्यासाठी काम. खाली सहा शब्द दिले आहेत. समजा, आपण टॅबवर मूळ शब्द शोधला, आणि चिठ्ठीत तो "त" किंवा "ला" लागून आलेला आहे. तर कोणते शब्द सापडतील आणि कोणते दडून राहतील?

जमीन, गाव, पाऊस, बहीण, देऊळ, झाड

उत्तरे कागदावर लिहून सातवीच्या वर्गात आणून द्यावीत. बरोबर उत्तरे देणाऱ्यांची नावे पुढच्या भित्तिपत्रकात.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी