कळा सुरू झाल्यावर जवळ कोण?

सातवा महिना लागला की ओटीभरण कधी, बाळंतपण माहेरी की सासरी, हे सगळं आपण ठरवतो. पण कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ कोण थांबणार, हे मात्र ठरवत नाही. ऐनवेळी जी रिकामी असेल ती गाडीत बसते.

माझ्या धाकट्या जावेच्या वेळी मी अशीच गेले. तिला आत नेलं आणि मी पाच तास बाहेरच्या बाकड्यावर पिशवी धरून बसले. आत येऊ का, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. नंतर ती म्हणाली, "ताई, दुखणं सोसलं, पण एकटीला लई भ्या वाटलं."

खरं तर 2016 मध्येच केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी एक सोबतीण जवळ ठेवायला परवानगी दिली आहे. ती शक्यतो बाई असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ हवेत, आणि डॉक्टर-नर्सच्या कामात तिने हात घालायचा नाही. तरी कुठे जागा अपुरी, कुठे नकार, असं होतं. म्हणून दर महिन्याच्या 9 तारखेला तपासणीला जाल तेव्हाच विचारून ठेवा.

शहरात हेच काम पैसे घेऊन करणाऱ्या प्रशिक्षित बाया असतात. त्यांना 'डूला' म्हणतात. डूला म्हणजे दाई नव्हे, नर्सही नव्हे. ती तपासत नाही, औषध देत नाही; फक्त पूर्ण वेळ सोबत राहते. अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, की अशी अखंड सोबत असली तर नॉर्मल बाळंतपणं वाढतात, सिझेरियन कमी होतात, कळांचा वेळही थोडा घटतो.

मग करायचं काय? नर्स हो म्हणाली तर तिला चालवा, कुशीवर वळवा. कळ आली की कंबरेच्या खाली तळव्याने दाबून धरा. घोटघोट पाणी द्या. दोन तासांनी लघवीला न्या, कारण भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याला खाली यायला अडवते. कळ ओसरली की खांदे सैल सोडायला सांगा. पोट मात्र दाबू नका. नर्सने सांगण्याआधी "जोर लाव" म्हणू नका. आणि "सुई मारा, लवकर मोकळी करा" हा आपला हट्ट तर सोडाच; गरज नसताना कळांची सुई आई-बाळ दोघांना धोक्याची. "आम्ही काय बाळंत झालो नाही का?" हेही घरीच ठेवून जा.

बाळ झालं की सगळी गर्दी त्याच्याभोवती. सोबतिणीने आईकडे बघायचं. तासाभरात बाळ छातीशी लागलं का? चीक पाजला का? घरी आल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, पण मधले दिवस आपलेच. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटका, ताप, घाण वास – यातलं काहीही दिसलं तर काढा देत बसू नका, 108 ला फोन करा. पहिले काही दिवस रडू येतं, ते ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही ती रडतेय, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, तर "नाटकं करते" म्हणू नका; आशाताईंना सांगून डॉक्टरकडे न्या. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर त्याच दिवशी न्या आणि तिला एकटी सोडू नका.

राहिली सोबतिणीची अडचण. दोन दिवस तिची गुरं कोण बघणार, तिच्या घरी भाकऱ्या कोण थापणार? हे काम गटाचं. आमच्या बैठकीत वसुली झाली की पोटुशी बाईचं नाव, तिने निवडलेल्या सोबतिणीचं नाव आणि सोबतिणीचं घर सांभाळणारीचं नाव, अशी तीन नावं वहीत लिहितो. सध्या दोघींची लिहिली आहेत. त्यातल्या एकीने माझ्या जावेला निवडलंय, आणि तिच्या शेळ्या माझ्याकडे आहेत.